मदत हवी आहे: शोकेसमधल्या सुती कापडांचा रंग उडतोय

मंडळी, इंदिरानगरला माझं ब्लॉक प्रिंटच्या सुती ओढण्यांचं छोटं दुकान आहे. दर्शनी काच नेमकी पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट आत. परवा एक ओढणी उलगडली तर घडीच्या बाहेरचा हळदी रंग पार विटलेला आणि आतला पट्टा जसाच्या तसा पिवळाधमक. शेजारच्या निळीच्या ओढणीला फारसं काही झालेलं नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, नीळ आणि मंजिष्ठा त्यामानाने तग धरतात, हे ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक पिवळाच मागतं, त्याला काय करणार!

"मिठाच्या पाण्यात भिजवा" हा सल्ला कृपया नको. धुताना रंग जाणं वेगळं, उजेडाने उडणं वेगळं.

काचेला यूव्ही फिल्म लावायचा विचार आहे. ती अतिनील किरण अडवते, पण साध्या उजेडानेही रंग उडतोच. मग खर्च वसूल होतो का? नाशिकमध्ये कोणी लावली असेल तर बाहेरून कापडाचा रंग वेगळा दिसतो का, तेही सांगा. बांबूची चिक सोडली तर मालच दिसत नाही.

शिवाय घाऊक खरेदीत ब्लू वूल पट्टीवर, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते सांगणाऱ्या 1 (सगळ्यात कच्चा) ते 8 (सगळ्यात पक्का) या मापात, निदान किती आकडा मागावा? व्यापारी "पक्का रंग आहे ताई" म्हणून मोकळे होतात.

फिल्मवाला शनिवारी माप घ्यायला येतोय, त्याआधी कळवलंत तर बरं.