घानातल्या सरकारी ऑडिटरांना काय शिकवू?

आक्रातला_पुणेकर:
नमस्कार मंडळी. मी सीए, तीन वर्षं घानात आहे. एका परदेशी देणगीदाराच्या प्रकल्पातून इथल्या ऑडिट सर्व्हिसच्या जिल्हा पातळीवरच्या लोकांसाठी दहा दिवसांचं प्रशिक्षण आखायचंय. मसुद्यात दहाही दिवस डेटा ॲनालिटिक्स! माझा सगळा अनुभव खासगी कंपन्यांचा. इथे कुणी सरकारी ऑडिट केलंय का?

निवृत्त_पार्टीवाला:
३१ वर्षं एजी (महालेखापाल) ऑफिसात सरकारी ऑडिट केलं, त्यातली निम्मी दौऱ्यावर. पहिले चार दिवस तरी लॅपटॉप मिटून ठेवायला लाव.

एका रस्त्याच्या बिलात मुरूम २२ किलोमीटरवरून आणल्याचं ‘लीड’, म्हणजे वाहतुकीचं अंतर, लावलं होतं. रॉयल्टीच्या पावत्या मात्र ३ किलोमीटरवरच्या खाणीच्या. दोन फायली शेजारी ठेवल्या, एवढंच. हाफ मार्जिन, म्हणजे खात्याला लेखी प्रश्न विचारणारा मेमो, त्याच संध्याकाळी दिलं, कारण सकाळपर्यंत पावत्यांना पाय फुटतात. तेच लिहायला शिकव: डावीकडे नियम, रक्कम, कागदाचा क्रमांक आणि एकच प्रश्न; उजवीकडची जागा त्यांच्या उत्तराला. ‘खर्च संशयास्पद वाटतो’ असं लिहिलं की पॅरा, म्हणजे अहवालातला आक्षेप, मेलाच समज.

आणखी एक. नोएडाला कॅगचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, आयसिसा, २००२ पासूनचं. परदेशी ऑडिटर शिकायला येतात. तिथे एकदा सत्र घेताना एकाने विचारलं, ‘कागदच दिले नाहीत तर?’ मी ऐटीत आमच्या १९७१ च्या कायद्याचं कलम १८ सांगितलं. तो म्हणाला, ‘साहेब, ज्यांचं ऑडिट करायचं, तपासणीला मी त्यांच्याच गाडीतून जातो, झोपतो त्यांच्याच गेस्ट हाऊसवर.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आधी प्रवासभत्त्याचे पैसे कुठून येणार ते बघ.

आक्रातला_पुणेकर:
काका, प्रवासभत्त्यापुढे शून्य आहे. लॅपटॉप मात्र ४०.

कलम_वाचणारी:
घानाच्या ऑडिटर जनरलकडे आपल्या कॅगला नसलेलं हत्यार आहे. १९९२ च्या राज्यघटनेच्या कलम १८७(७) नुसार बेकायदा खर्च नामंजूर करून तो थेट संबंधितावर बसवता येतो. वर्षानुवर्षं ते वापरलंच गेलं नाही. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ‘वापरा’ म्हणून सांगावं लागलं. मग तेव्हाचे ऑडिटर जनरल डोमेलेवो यांनी वसुली सुरू केली, सुमारे ६.७ कोटी सेडी (घानाचं चलन) जमाही झाले. आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने त्यांना ‘साठलेली रजा घ्या’ म्हणून घरी बसवलं! ते घटनाबाह्य होतं हा निकाल आला २०२३ मध्ये, तोवर ते निवृत्तही झाले होते. तुमचे दहा दिवस यावर काय करणार?

निवृत्त_पार्टीवाला:
ताई, वरचं आपल्या हातात नाही, मान्य. पण वसुली बसवायची तर कागद आणखी पक्का लागतो. आमचा पॅरा कच्चा निघाला तर लोकलेखा समितीत लाज जायची. यांचा कच्चा निघाला तर प्रकरण कोर्टात आपटेल. पुणेकर, एक दिवस फक्त पुराव्याला दे. जमलेली हाफ मार्जिनं एकमेकांकडून फाडून घे, म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याच्या मेमोला खात्याच्या बाजूने उत्तर द्यायचं. पोरं भांडतात, पण शिकतात.

आक्रातला_पुणेकर:
हे घेतलंच. २० लॅपटॉप कमी करून भत्ता मागतोय. नमुन्याचं एखादं हाफ मार्जिन मिळेल?

निवृत्त_पार्टीवाला:
ऑफिसचं नाही देणार. मुरमाचंच काल्पनिक लिहितो, हाताने. फोटो नातू क्लासहून आला की टाकेल.