बेगम रोकेया यांची शाळा
बंगाली लेखिका आणि मुस्लिम मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या बेगम रोकेया यांच्याबद्दल बोलणं निघालं, की ते बहुतेक 'सुलतानाज ड्रीम' या त्यांच्या स्त्रीराज्याच्या कल्पनाकथेभोवतीच फिरतं. १९०५ची ती कथा विलक्षण आहेच, पण मला त्यांची शाळा त्याहून मोठी वाटते. १९०९मध्ये पती सखावत हुसेन वारले. त्यांनी शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशातून भागलपुरात पाच मुलींवर शाळा सुरू झाली, १९११मध्ये ती कलकत्त्यात नव्याने उभी राहिली.

मुलींना आणायच्या बसबद्दल त्यांनीच 'अवरोधवासिनी' या पडदा पद्धतीवरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. गाडी इतकी बंदिस्त, की आत काळोख; मुलींना उलट्या व्हायच्या, काही बेशुद्ध पडायच्या. म्हणून हवेसाठी नुसते कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात, मुली दिसतात, अशी धमकावणारी पत्रं आली!

त्या स्वतः बुरखा घेऊन घरोघरी मुली मागत फिरल्या. कुणी बुरखा घेण्याला तडजोड म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं. बुरखा टाकला असता तर आईबापांनी मुली पाठवल्याच नसत्या. लहानपणी थोरल्या भावाने रात्री सगळे झोपल्यावर ज्यांना इंग्रजी शिकवलं, त्या बाईंनी १९३२मध्ये जाईपर्यंत शाळा सोडली नाही. सखावत मेमोरियल नावाने ती कोलकात्यात आजही आहे.