मदत हवी आहे: व्हॅल्प्रोएट, उंदीर आणि अमोनिया

पिपेटवाली:
विस्टार जातीच्या उंदरांना सोडियम व्हॅल्प्रोएट (फिटवरचं औषध) देतेय. प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) ग्लायसिन हे अमिनो आम्ल वाढलंय, ते अपेक्षितच होतं. पण अमोनियाचे आकडे जुळता जुळत नाहीत. एकाच गटात एकाचा दुप्पट, दुसऱ्याचा कंट्रोलइतकाच, म्हणजे औषध न दिलेल्या उंदरांइतकाच! गाईडना सोमवारी आलेख हवाय. अमोनिया मोजायचं किट बदलू का? प्लीज लवकर सांगा.

जुनाखोड:
डोस? पोटात टोचलं की तोंडावाटे? शेवटच्या डोसनंतर रक्त कधी काढलं?

पिपेटवाली:
३०० मिग्रॅ प्रति किलो, आयपी, म्हणजे पोटात टोचून. रक्त सकाळी.

जुनाखोड:
'सकाळी' म्हणजे डोसनंतर किती तासांनी? माणसापेक्षा उंदरात हे औषध फार लवकर उतरतं.

कार्निटीनभक्त:
कार्निटीन (पेशीत स्निग्धाम्लं वाहून नेणारा पदार्थ) द्या, विषय संपला. व्हॅल्प्रोएट त्याला चिकटतं आणि त्याला लघवीवाटे घेऊन जातं.

यकृतप्रेमी:
अहो, तिला अमोनिया उतरवायचा नाहीये, मोजायचाय! व्हॅल्प्रोएटपासून शरीरात बनणारं व्हॅल्प्रोइल-कोए हे एन-असिटाइलग्लुटामेट बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. एन-असिटाइलग्लुटामेट कमी पडलं की कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज हे एन्झाइम थंडावतं आणि युरिया चक्र (यकृतात अमोनियाचा युरिया करणारी साखळी) पहिल्याच पायरीवर अडतं. ग्लायसिनची गोष्ट निराळी, तिथे मायटोकॉन्ड्रियातली (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातली) ग्लायसिन तोडणारी यंत्रणा मंदावते. उंदीर उपाशी होते का?

कार्निटीनभक्त:
आणि किडनी? ग्लुटामिन या अमिनो आम्लामधून अमोनिया तिथेही सुटतो. सगळं लिव्हरवर ढकलू नका.

श्वानमित्र:
आमच्या लॅब्राडॉरला फिट येतात. हेच औषध चालेल का?

खुरपशू:
कुत्र्याच्या अंगात ते टिकत नाही. फेनोबार्बिटल किंवा पोटॅशियम ब्रोमाइड देतात, पण तपासल्याशिवाय काही देऊ नका. वेगळा धागा काढा.

जुनाखोड:
पिपेटवाली, नळ्या बर्फात होत्या? प्लाझ्मा लगेच वेगळा केला?

पिपेटवाली:
बर्फ होता. सेंट्रिफ्यूज दुसऱ्या विभागात आहे, त्यांची वेळ घ्यावी लागते. म्हणून सगळ्या नळ्या शेवटी एकदम फिरवल्या. किट कुठलं ते कुणी विचारतच नाहीये!

जुनाखोड:
कारण रक्त तसंच ठेवलं की नळीतच अमोनिया वाढतो. बर्फाने वेग कमी होतो, थांबत नाही. आकडे रक्त काढलं त्या क्रमाने लावून बघा.

पिपेटवाली:
पहिले चार वर आहेत. त्यात दोन कंट्रोलचे.

यकृतप्रेमी:
झालं तर मग!

जुनाखोड:
हे अमोनियाचे आकडे आलेखात टाकू नका. प्लाझ्मा लालसर असेल तर ग्लुटामेट आणि टॉरिन या अमिनो आम्लांच्या आकड्यांवरही विसंबू नका, पेशी फुटल्या की तेही बाहेर येतात.

पिपेटवाली:
आणि सोमवारचं काय?

कार्निटीनभक्त:
पुढच्या बॅचला कार्निटीनचा एक गट घ्याच.