प्रतिरोधक जिवाणू होतात, मूल नाही

वारंवार अँटिबायोटिक दिल्याने मुलाच्या शरीराला औषधाची सवय होते, असं बरेच पालक मानतात. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बदलतात ते जिवाणू, शरीर नव्हे. औषधाने कमकुवत जिवाणू मरतात, तग धरणारे, म्हणजे प्रतिरोधक, उरतात आणि वाढतात. शिवाय प्रतिरोधाची जनुकं ते प्लाझ्मिडवाटे (जिवाणूंमधले डीएनएचे छोटे सुटे तुकडे) दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. त्यामुळे ज्या बाळाने आजवर एकही डोस घेतलेला नाही, त्यालाही प्रतिरोधक जंतूचा संसर्ग होऊ शकतो. नवजात बाळांच्या सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे ओढवणारी जीवघेणी अवस्था) क्लेबसिएला हा जिवाणू अनेकदा असाच प्रतिरोधक असतो, आणि तिथे हाताशी औषधं मोजकीच असतात, कारण मोठ्यांना चालणारी बरीच औषधं इतक्या लहान बाळांवर पुरेशी तपासलेलीच नसतात. २०१९ मध्ये जगभरात प्रतिरोधामुळे थेट झालेले मृत्यू अंदाजे १२.७ लाख; त्यांतला दर पाचवा पाच वर्षांखालच्या मुलाचा. मला हे फार अस्वस्थ करतं.

सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. डॉक्टर 'गरज नाही' म्हणाले तर कृपया आग्रह धरू नका. मागच्या आजारपणातली उरलेली बाटली तर मुळीच काढू नका.

लशींचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. न्यूमोकॉकल लशीने न्यूमोकॉकस या जिवाणूचे (तो न्यूमोनियाही करतो) बरेच संसर्गच टळतात, मग त्यांच्यासाठी औषधाची वेळही येत नाही.

मात्र तापाबरोबर धाप, सुस्ती किंवा दूध न ओढणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. तिथे अँटिबायोटिकला झालेला उशीर जिवावर बेतू शकतो.