भोरड्यांच्या थव्यावर काम करायला फिजिक्सवाल्याला पक्षीवाले लागतात का?

अनुनाद: मी एमएस्सी फिजिक्सला आहे. गावाकडे हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्या येतात, संध्याकाळी बाभळीवर बसायच्या आधी हजारोंचा थवा एकदम वळतो, फाटतो, परत जुळतो आणि त्यात पुढारी कोणीच दिसत नाही. कॉम्प्लेक्स सिस्टिम्सचा, म्हणजे साध्या घटकांच्या गर्दीतून एकत्रित वागणं कसं उमटतं याचा, प्रोजेक्ट यावरच करायचाय. सिम्युलेशन जमतं, बायोलॉजी मात्र बारावीलाच सुटली. मित्र म्हणतात मॉडेल चालव, पक्षीवाले कशाला. तुम्हाला काय वाटतं?

गच्चीवरून: पक्षीवाले हवेतच! रोमचं काम वाच आधी. 1987 पासून थव्यांची कॉम्प्युटर मॉडेल्स आहेत, 1995 चं विचेक या फिजिक्सवाल्याचं तर प्रसिद्धच, त्यात प्रत्येक पक्षी ठरावीक अंतरातल्या शेजाऱ्यांची दिशा धरतो आणि स्क्रीनवर थवा अगदी खरा वाटतो, पण हजारोंच्या खऱ्या थव्यात तसंच होतं का हे कोणी नीट मोजलंच नव्हतं. मग कावान्या, जार्दिना, पारिसी हे फिजिक्सवाले आणि पक्षीतज्ज्ञ एकत्र आले, रोमच्या मुख्य स्टेशनजवळच्या एका म्युझियमच्या गच्चीवरून थव्यांचे एकाच वेळी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. खरी डोकेदुखी पुढे, की या फोटोतला ठिपका त्या फोटोतला नेमका कुठला, कारण सगळे पक्षी सारखेच दिसतात. ते सुटलं तेव्हा प्रत्येक पक्ष्याची थ्रीडी जागा मिळाली, आणि 2008 च्या पेपरात निघालं की पक्षी अंतर बघतच नाही, जवळचे सहा-सात शेजारी धरतो, मग ते हातभर लांब असोत की चार हात.

माळढोक_प्रेमी: आणि हे का महत्त्वाचं ते पक्षी बघणाऱ्याला लगेच कळतं. ससाणा घुसला की थवा ताणला जातो, अंतराचा नियम असता तर लांब गेलेले पक्षी सुटले असते आणि सुटलेला पक्षीच ससाण्याला सापडतो. शेजारी मोजून धरले की थवा विरळ झाला तरी तुटत नाही. मॉडेलमध्ये शिकारी घातलाच नाही तर हा प्रश्नच पडणार नाही, म्हणून म्हणते, आधी आमच्यासोबत चार संध्याकाळी माळावर ये.

अनुनाद: येतो ताई, नक्की! पण तसे कॅमेरे आम्हाला कुठून मिळणार?

खाडीकाठ: मग माशांपासून सुरू कर. बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) काळुंदर माशांच्या छोट्या गटांवर असं काम झालंय, 2020 ला छापून आलं. प्रत्येक मासा एका वेळी कुठल्यातरी एकाच माशाची नक्कल करतो, आणि गट जितका लहान तितका त्यातला यादृच्छिकपणा जास्त, आणि त्यामुळेच सगळे एका दिशेला लागतात, म्हणजे हा यादृच्छिकपणा, नॉइज, इथे शिस्त मोडत नाही, लावतो. उथळ टाकी आणि वर एक कॅमेरा, थ्रीडीची भानगडच नाही. फक्त मासे पाळणारं, त्यांचा ताण ओळखणारं माणूस सोबत घे, घाबरलेल्या माशांचा डेटा कामाचा नसतो.