३५० इंजिनला फ्युएल पंप: आधी प्रेशर बघ, मग लिटर

तू म्हणतोयस जुन्या शेवरले पिकअपच्या ३५० ला (३५० घनइंचाचं व्ही८ इंजिन) नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि चार बॅरलचा कार्ब्युरेटर, म्हणजे कार्ब, टाकलाय, ३०० एचपी धरलेस, आणि वर सगळे ईएफआयवाला (फ्युएल इंजेक्शनचा) इलेक्ट्रिक पंप घे म्हणून मागे लागलेत. अरे थांब की जरा! तो पंप ४० पीएसआयच्या (प्रेशरचं माप) वर मारतो, तुझ्या कार्बला ६ खूप झाले, नाहीतर कार्बमधली पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाऊन पेट्रोल सरळ मॅनिफोल्डात. रेग्युलेटर लावता येतो, पण मग जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन ओढा वगैरे, कशाला नसते उद्योग. ३०० एचपीला फुल थ्रॉटलवर तासाला ९०-९५ लिटर लागतील, तेवढं चांगला मेकॅनिकल (इंजिनवरच चालणारा) पंपही देतो.

इलेक्ट्रिकच हवा असेल तर कार्बवाला लो प्रेशर घे आणि मी केला तो गाढवपणा करू नकोस. मी बॉनेटखाली लावला होता, एप्रिलात कात्रज घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद, पंप नुसता टकटकतोय, पेट्रोलची वाफ झालेली, ओलं फडकं टाकून अर्धा तास उभा. पंप ढकलतो बरा, ओढायला कच्चा, त्यामुळे टाकीजवळ खाली लाव, रिले आणि इंजिन बंद पडलं की पंप थांबवणारा ऑइल प्रेशर स्विच घालूनच.

पेट्रोलचे होज पुण्यात नाना पेठेत घेताना ई२० ला (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालणारेच माग, जुनं रबर फुगतं.