चर्चा: लहान भूकंपांच्या नोंदींवरून मोठ्या भूकंपाचा हिशेब मांडावा का?

सरळरेषा: गुटेनबर्ग-रिश्टर नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मॅग्निट्यूड एकने वाढलं की भूकंपांची संख्या साधारण दहापट घटते, आलेखावर ती सरळ रेषा दिसते आणि तिचा उतार, म्हणजे बी-मूल्य, 1 च्या आसपास. धोक्याचा अभ्यास करताना हीच रेषा पुढे न्यावी, प्रत्येक फॉल्टच्या (जमिनीतल्या सरकत्या भेगेच्या) गळ्यात 'ठराविक आकाराचा, ठराविक काळाने येणारा' भूकंप बांधू नये, असं माझं मत. कॅलिफोर्नियातलं पार्कफिल्ड आठवा. 1857 ते 1966 मध्ये तिथे सहाच्या आसपासचे सहा भूकंप झाले, सरासरी अंतर 22 वर्षं. पुढचा 1993 च्या आत येणार म्हणून उपकरणं लावून मंडळी वाट बघत बसली. आला 2004 मध्ये.

खंदकवाला: आला तो 6.0 चाच ना! वेळ हुकली, आकार नाही. आणि इथे विषय आकाराचा आहे. कॅलिफोर्नियातल्याच सॅन अँड्रियास फॉल्टचा जो भाग 1857 च्या मोठ्या भूकंपात फाटला, त्याच्या बऱ्याच लांबीवर आज लहान भूकंप नावालाच होतात. तिथे तुमची रेषा ओढली तर धोका जवळपास शून्य निघेल. फॉल्टवर खंदक खणून मातीच्या थरांत जुन्या भूकंपांच्या खुणा वाचल्या की मोठे धक्के कितीतरी जास्त वेळा दिसतात.

सरळरेषा: एकट्या फॉल्टवर रेषा ओढा असं म्हणतंय कोण? अख्खा प्रदेश घ्या. शिवाय खंदकात दिसतो तो जमिनीपर्यंत फाटलेला भूकंपच. लहान फाट वर पोचतच नाही, मग सगळे एकाच मापाचे वाटणारच. आणि मापं ठरवून काय झालं? जपानमध्ये तोहोकूजवळच्या भूकंप-पट्ट्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला कमाल मॅग्निट्यूड दिलं होतं. 2011 मध्ये अनेक तुकडे एकदम सुटले आणि 9.0 झाला. 2016 च्या न्यूझीलंडमधल्या कैकोरा भूकंपात तर डझनाहून जास्त फॉल्ट एका दमात फाटले.

आकडेमोड: भांडा खुशाल, पण आधी बी नीट काढा. भूकंपशास्त्रज्ञ आकींचं 1965 चं सूत्र सोपं आहे: 0.4343 भागिले (सरासरी मॅग्निट्यूड वजा किमान मॅग्निट्यूड). गोम त्या किमानात आहे. कॅटलॉगमध्ये, म्हणजे भूकंपांच्या नोंदयादीत, आकडे एका दशांशापर्यंत असतात, म्हणजे 3.0 लिहिलेला भूकंप खरं तर 2.95 पासूनचा. सूत्रात 2.95 ऐवजी 3.0 घातलं की खरं बी 1 असताना उत्तर 1.13 च्या आसपास येतं. तिथून 7 पर्यंत रेषा नेली की मोठ्या भूकंपांचा दर एक-तृतीयांशावर येतो. अर्ध्या दशांशापायी! वर 100 भूकंपांच्या नोंदीत बीमध्ये ±0.1 ची चूक धरावीच लागते. चार मॅग्निट्यूड पुढे तिच्यापायी दर अडीचपट वर किंवा खाली जातो. 3 चे सगळे भूकंप नोंदले गेलेत का, ते वेगळंच. आफ्टरशॉक किती वगळले त्यावरही दर हलतो.

खंदकवाला: म्हणजे रेषेचं दुसरं टोक वाऱ्यावर. म्हणूनच म्हणतो, मोठ्या भूकंपांचा दर फॉल्टच्या सरकण्यावरून बांधा. वर्षाला किती मिलिमीटर सरकतो ते मोजता येतं, तेवढी हालचाल कुठल्या तरी भूकंपांनी फेडायलाच हवी.

सरळरेषा: भूकंपानेच का? काही फॉल्ट गुपचूप सरकतात, धक्का न देता. तो वाटा किती, हे आधी ठरवा.

आकडेमोड: लॉजिक ट्रीमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पर्यायांना वजन देऊन एकत्र धरण्याच्या पद्धतीत, दोन्ही फांद्या ठेवतातच की. अडतं ते वजनावर. मी प्रदेशाच्या रेषेला 0.6 देईन, फॉल्टच्या फांदीला 0.4.

खंदकवाला: शांत पडलेल्या फॉल्टच्या शेजारी धरण असेल तर मी नेमकं उलट देईन.